तीन गट, तीन सरासऱ्या : प्रचरण विश्लेषण आणि आपले गुणपत्रक

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे इतिहासविषयक लेख मागितला होता आणि आम्ही पाठवीत आहोत तो गणिताच्या गुणांवरचा. याबद्दल मंडळाची क्षमा मागतो. इतिहासाच्या शिक्षकाने संगणकासमोर बसून संख्याशास्त्राची उठाठेव का करावी, असा प्रश्न माजी विद्यार्थ्यांना पडेल. आमच्या सनावळ्या ज्यांनी निमूटपणे सोसल्या त्यांना तर हमखास पडेल. त्याचे उत्तर काही वर्षांपूर्वीच्या एका बैठकीत आहे.

प्रथम सत्र परीक्षेनंतर शिक्षकांची बैठक भरली होती. इयत्ता आठवीत आपल्याकडे साधारण तीन वाटांनी मुले येतात. काही जिल्हा परिषदेच्या शाळेतून, काही शहरातील नगरपालिकेच्या शाळेतून, आणि काही ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांतून. या तिसऱ्या मुलांची प्राथमिक शाळा दर साली दिवाळीच्या सुमारास तुटत आलेली असते. कार्यालयाने गणिताच्या गुणांची गटवार सरासरी काढून आणली होती. पन्नासपैकी पहिल्या गटाची सरासरी ३०, दुसऱ्याची ३२ आणि तिसऱ्याची २०. आकडे वाचले गेले आणि पाचच मिनिटांत सूचना आली, की तिसऱ्या गटाची तुकडी वेगळी करावी व तिला सोपा अभ्यासक्रम द्यावा. सूचना करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. परंतु वेगळे बसविणे म्हणजे काय, हे आमच्या पिढीला कोणी समजावून सांगावे लागत नाही. एकदा वेगळी बसलेली तुकडी दहावीपर्यंत वेगळीच राहते, आणि तिच्या नावाला चिकटलेला 'कच्ची' हा शब्द तर त्यानंतरही सुटत नाही. म्हणून आम्ही चार दिवसांची मुदत मागितली व गुणांची यादी घरी नेली.

(येथे व पुढे मुलांची ओळख राहू नये आणि हिशेब सुटसुटीत व्हावा म्हणून प्रत्येक गटातील थोडीच मुले घेतली आहेत व गुणही बदलले आहेत. हिशेबाची रीत मात्र जशीच्या तशी आहे.)

यादी एक्सेलमध्ये भरताना पहिली गोष्ट हाती लागली ती संख्याशास्त्राची नव्हती, हजेरीपटाची होती. तिसऱ्या गटात सात नावे होती : ३७, १९, २८, २२, ३४, ० आणि ०. ही दोन शून्ये ज्या मुलांची होती ती परीक्षेलाच नव्हती. घरची माणसे कारखान्याच्या फडावर गेलेली, मुले सुट्टीत त्यांच्यामागे गेलेली, आणि परत यायला उशीर झालेला. कार्यालयाने गैरहजर मुलासमोर शून्य लिहिले, कारण रकाना रिकामा ठेवू नये अशी जुनी पद्धत. पण संगणकाला गैरहजेरी कळत नाही. शून्य म्हणजे त्याच्या लेखी शून्य गुण. ती दोन शून्ये काढून दोन्ही रकाने रिकामे ठेवले तेव्हा तिसऱ्या गटाची सरासरी २० वरून २८ झाली. केवळ दोन पूज्यांनी आठ गुण खाल्ले होते.

तरीही प्रश्न संपला नाही. ३०, ३२ आणि २८ या तीन सरासऱ्यांतही तिसरा गट शेवटचाच होता. 'मागे आहेत ते आहेतच ना सर?' असे एका सहकाऱ्याने विचारले, आणि तो प्रश्न रास्त होता. दोन किंवा चार गुणांचा हा फरक खरा मानायचा, की पुढच्या चाचणीत आपोआप उलटेल असा योगायोगाचा? प्रचरण विश्लेषण, ज्याला सर्वत्र 'अनोव्हा' म्हणतात, ते नेमक्या याच प्रश्नासाठी आहे.

त्यामागील कल्पना आपल्या शेतकरी पालकांना आमच्यापेक्षा लवकर समजेल. ज्वारीची तीन वाणे तीन-तीन वाफ्यांत पेरली. एकाच वाणाच्या वाफ्यांत जर उतारा चार पायल्यांपासून नऊ पायल्यांपर्यंत वरखाली होत असेल, तर दोन वाणांच्या सरासरीतील अर्ध्या पायलीच्या फरकावरून कोणीही शहाणा शेतकरी बियाणे बदलणार नाही. तो म्हणेल, जमीनच कुठे मुरमाड, कुठे पाणथळ आहे. उलट एकाच वाणाचे सगळे वाफे जवळजवळ सारखे उतरले आणि तरीही दुसरे वाण अर्धी पायली जास्त देऊन गेले, तर तो त्याची दखल घेईल. म्हणजे दोन गटांमधील फरक मोठा की लहान हे त्या फरकाकडे पाहून ठरत नाही. गटाच्या आत किती फरक आहे, याच्याशी तो ताडून पाहावा लागतो.

आणि ही रीत खरोखरच शेतातून आली आहे. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात रॉथमस्टेड येथे शेतीचे संशोधन केंद्र आहे. तेथील ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात १८४३ पासून गव्हावर खतांचे प्रयोग चालू आहेत. साठलेल्या आकड्यांचे काय करायचे हे ठरविण्यासाठी १९१९ साली रोनाल्ड फिशर या तरुण गणितज्ञाची तेथे नेमणूक झाली. त्याने १९१८ च्या एका निबंधात 'व्हेरिअन्स' हा शब्द आधीच रूढ केला होता. आपण त्याला 'प्रचरण' म्हणतो. रॉथमस्टेडमध्ये त्याने पिकांच्या उताऱ्यातील एकूण प्रचरणाची वाटणी करण्याची रीत बसविली : इतके खतामुळे, इतके वाणामुळे, आणि उरलेले ज्याचे कारण सांगता येत नाही असे. १९२५ साली आलेल्या त्याच्या पुस्तकामुळे ही रीत जगभर गेली. पुढे अमेरिकेतील जॉर्ज स्नेडेकर यांनी या हिशेबातील शेवटच्या गुणोत्तराला फिशरच्या आद्याक्षरावरून 'एफ' हे नाव दिले. आपल्याकडे ती आणणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे ही दोन मराठी नावे आहेत. शेती-संशोधकांसाठी या दोघांनी लिहिलेला संख्याशास्त्रावरील इंग्रजी ग्रंथ १९५४ साली प्रसिद्ध झाला आणि कृषी महाविद्यालयांत पिढ्यान्पिढ्या वापरला गेला. आपल्यापैकी कोणी कृषी पदवीधर असेल तर त्याला तो आठवेल.

आता आपले पंधरा विद्यार्थी घेऊ. पहिल्या गटाचे गुण ३८, २२, ३०, २६, ३४, सरासरी ३०. दुसऱ्याचे ४०, २४, ३३, २९, ३४, सरासरी ३२. तिसऱ्याचे ३७, १९, २८, २२, ३४, सरासरी २८. पंधराही मुलांची मिळून सरासरी ३०.

हिशेब हाताने एकदा तरी करावा, असा आमचा आग्रह आहे. नाही तर संगणक जे सांगेल ते देववाणी वाटू लागते. पहिल्या गटातील प्रत्येक मुलाचे गुण गटाच्या सरासरीपासून किती दूर आहेत ते पाहा : ८, उणे ८, ०, उणे ४, ४. यांचे वर्ग करून बेरीज केली की १६० येते. तशीच बेरीज दुसऱ्या गटाची १४२ आणि तिसऱ्याची २३४. तिन्ही मिळून ५३६. हा झाला गटांच्या आतील फरक. गटागटांमधील फरक काढताना प्रत्येक गटाची सरासरी एकूण सरासरीपासून किती दूर आहे ते पाहायचे : ०, २ आणि उणे २. वर्ग ०, ४, ४. प्रत्येक गटात पाच मुले, म्हणून आठाला पाचाने गुणायचे, ४० आले. एकूण फरक ५७६, त्यांपैकी गटांमुळे पडलेला केवळ ४०, म्हणजे सुमारे ७ टक्के. उरलेला ९३ टक्के फरक एकाच गटातील मुलामुलांमध्ये आहे.

या दोन बेरजा थेट ताडून चालत नाही, कारण एक तीन सरासऱ्यांवरून आली आहे व दुसरी पंधरा मुलांवरून. म्हणून प्रत्येकीला तिच्या स्वाधीनता मात्रेने भागतात. तीन गट म्हणून तीन वजा एक, दोन. पंधरा मुले आणि तीन गट म्हणून पंधरा वजा तीन, बारा. ४० भागिले २ म्हणजे २०. ५३६ भागिले १२ म्हणजे ४४.६७. विसाला ४४.६७ ने भागले की एफ मिळतो : ०.४५. एफ एकपेक्षाही कमी आहे. म्हणजे गटांमधील फरक हा गटांच्या आतील नेहमीच्या चढउताराइतकाही नाही.

एक्सेलमध्ये हेच काम दोन मिनिटांचे आहे. मात्र त्यासाठीची सोय बहुतेक संगणकांवर असूनही बंद असते, आणि पुष्कळ जण तेथेच नाद सोडतात. प्रथम 'फाइल', त्यातील 'ऑप्शन्स', त्यातील 'अ‍ॅड-इन्स' येथे जावे. तळाशी 'एक्सेल अ‍ॅड-इन्स' निवडून 'गो' दाबावे आणि उघडलेल्या चौकटीत 'अ‍ॅनालिसिस टूलपॅक' यापुढे खूण करावी. हे एकदाच करावे लागते. यानंतर वरच्या 'डेटा' या पट्टीत उजवीकडे 'डेटा अ‍ॅनालिसिस' दिसू लागते.

गुण भरताना प्रत्येक गटाला एक उभा रकाना द्यावा, पहिल्या ओळीत गटाचे नाव व खाली गुण. गटांत मुलांची संख्या सारखी नसली तरी चालते. लहान रकान्यात खाली मोकळी जागा राहील. गैरहजर मुलाची जागा मोकळीच ठेवावी. तेथे शून्य लिहू नये आणि 'गैरहजर' असा शब्दही लिहू नये. शब्द आढळला की एक्सेल आकड्यांव्यतिरिक्त मजकूर असल्याची तक्रार करून थांबते. आमच्या मते ते शून्य मुकाट्याने स्वीकारण्यापेक्षा ही तक्रार कितीतरी बरी. मग 'डेटा अ‍ॅनालिसिस' मधून 'अनोव्हा : सिंगल फॅक्टर' निवडावे. 'इनपुट रेंज' मध्ये नावांसह सगळे रकाने द्यावेत, 'ग्रुप्ड बाय' येथे 'कॉलम्स' असू द्यावे, 'लेबल्स इन फर्स्ट रो' यावर खूण करावी, 'अल्फा' ०.०५ ठेवावा आणि 'ओके' म्हणावे. ज्यांच्याकडे विकतचे एक्सेल नाही त्यांच्यासाठी लिब्रे ऑफिसच्या कॅल्कमध्ये 'डेटा' या यादीत 'स्टॅटिस्टिक्स' खाली हीच सोय फुकट आहे.

समोर दोन तक्ते येतात. वरच्यात प्रत्येक गटाची संख्या, बेरीज, सरासरी आणि प्रचरण असते. आपल्या उदाहरणात प्रचरण ४०, ३५.५ आणि ५८.५. घाईत लोक हा तक्ता ओलांडून जातात, पण चूक सापडते ती येथेच. एखाद्या गटाचे प्रचरण इतरांच्या कितीतरी पट असेल तर आधी यादी तपासावी. ती दोन शून्ये ठेवून आम्ही मुद्दाम हिशेब करून पाहिला, तेव्हा तिसऱ्या गटाचे प्रचरण सव्वादोनशेच्या वर गेले. तो आकडाच ओरडून सांगत होता की येथे काहीतरी गडबड आहे. दुसरा तक्ता खुद्द अनोव्हाचा. 'बिटवीन ग्रुप्स' म्हणजे गटागटांमधील आणि 'विदिन ग्रुप्स' म्हणजे गटांच्या आतील. 'एसएस' ही वर्गांची बेरीज, 'डीएफ' स्वाधीनता मात्रा, 'एमएस' त्यांचा भागाकार. शेवटी एफ, पी-मूल्य आणि 'एफ क्रिट', म्हणजे एफने ओलांडायचा उंबरठा.

आपल्या पंधरा मुलांसाठी एफ ०.४५, उंबरठा ३.८९ आणि पी-मूल्य ०.६५ येते. पी-मूल्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. तिन्ही गटांची गणिताची तयारी मुळात सारखीच आहे असे धरले, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा एफ येण्याची शक्यता शंभरात पासष्ट. अशा फरकावर तुकडी वेगळी करणे म्हणजे नाणे उडवून मुले वाटण्यासारखे आहे. ०.०५ ही रेषा काही निसर्गाने आखलेली नाही. विसात एक हे प्रमाण फिशरने सोयीचे म्हणून सुचविले आणि ते रूढ झाले.

त्या सहकाऱ्याला हे पटवून देताना आम्ही दुसरी एक यादी करून दाखविली. पहिला गट ३१, २९, ३०, ३०, ३०. दुसरा ३३, ३१, ३२, ३२, ३२. तिसरा २९, २७, २८, २८, २८. सरासऱ्या त्याच : ३०, ३२, २८. पण आता गटाच्या आत मुले एकमेकांना चिकटून आहेत. एफ थेट ४० झाला, आणि पी-मूल्याच्या जागी ४.९२ई-०६ असे उमटले. हे पाहून 'सर, पी जवळजवळ पाच आला' असे कोणीतरी म्हणालेच. ई-०६ म्हणजे दशांशचिन्ह सहा घरे डावीकडे न्यायचे; लाखात एकाचीही शक्यता नाही, इतका तो लहान आकडा आहे. सरासऱ्या त्याच असताना एका यादीत फरक योगायोगाचा ठरतो आणि दुसरीत खरा. बैठकीत वाचल्या गेलेल्या तीन आकड्यांतून हे कधीच कळले नसते.

दोन-दोन गटांची वेगवेगळी तुलना का करू नये, असेही विचारले जाते. करता येते, पण प्रत्येक तुलनेत पाच टक्के फसण्याची जोखीम असते. तिन्ही तुलना परस्परांपासून स्वतंत्र धरल्या तर कुठे ना कुठे फसण्याची जोखीम चौदा टक्क्यांच्या घरात जाते. अनोव्हा एकदाच विचारतो व एकदाच उत्तर देतो. मात्र फरक आहे असे उत्तर आले तर तो नेमका कोणत्या गटात आहे हे तो सांगत नाही. त्यासाठी पुढची चाचणी करावी लागते आणि ती एक्सेलच्या या सोयीत नाही. आणखी एक बारीक गोष्ट. नंतर गुण दुरुस्त केले तरी हा तक्ता आपोआप बदलत नाही; तो पुन्हा काढावा लागतो. आम्ही यात एकदा फसलो आहोत.

एवढ्यावरून तिन्ही गट समान आहेत हे सिद्ध झाले, असेही आम्ही बैठकीत म्हटले नाही. पुरावा मिळाला नाही एवढेच म्हटले. पाच-पाच मुलांवरून लहानसा खरा फरक दिसणारही नाही. शिवाय रॉथमस्टेडच्या प्रयोगांत कोणत्या वाफ्यात काय पडेल हे फिशर चिठ्ठ्या टाकून ठरवीत असे. आमच्या मुलांच्या वाट्याला कोणती शाळा यावी हे कोणी चिठ्ठ्या टाकून ठरविलेले नाही. त्यामुळे मोठा फरक निघाला असता तरी तो मुलांच्या बुद्धीचा, की सहा महिने फडावर गेलेल्या शाळेचा, हे कोणताही एफ सांगू शकला नसता.

येथे इतिहासाच्या शिक्षकाला गप्प राहवत नाही. ज्या फिशरने ही रीत दिली तो सुप्रजननवादाचा कट्टर पुरस्कर्ता होता. माणसांचे बरे-वाईट गुण रक्तातून येतात आणि 'चांगल्यां'ची पैदास वाढवावी, असा तो विचार. १९३३ साली तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सुप्रजननशास्त्राच्याच अध्यासनावर प्राध्यापक झाला. तीनच वर्षांनी, १९३६ मध्ये, बाबासाहेबांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' प्रसिद्ध केले. जातिव्यवस्था ही रक्तशुद्धीसाठी आहे, या सुप्रजननाच्या भाषेतील समर्थनाचा त्यांनी तेथे समाचार घेतला आहे. एकाच प्रांतातील ब्राह्मण व अस्पृश्य यांचा वंश वेगळा नाही, जातींची वाटणी ही वंशांची वाटणी नव्हे, असे त्यांचे म्हणणे. पुढे १९७२ साली अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी जगभरातील लोकसमूहांच्या रक्तगटादी गुणांतील एकूण विविधतेची वाटणी करून पाहिली. त्यांचे गणिती माप वेगळे होते, पण विचारण्याची रीत हीच : किती विविधता समूहांमध्ये आणि किती समूहांच्या आत? सुमारे ८५ टक्के विविधता एकेका समूहाच्या आतच निघाली. माणसांची प्रतवारी करू पाहणाऱ्याने घडविलेल्या अवजाराने विचारलेला प्रश्न शेवटी प्रतवारीच्याच विरुद्ध उत्तर देऊन गेला. या गोष्टीचे आम्हाला आजही नवल वाटते.

बैठकीत हा इतिहास आम्ही सांगितला नाही. वेळ नव्हता आणि मुख्याध्यापकांना जेवणाची घंटा ऐकू आली होती. दोन्ही तक्ते तेवढे फळ्यावर लिहिले. वेगळ्या तुकडीची सूचना मागे घेतली गेली. मग ज्यांनी ती मांडली होती त्यांनीच विचारले, की ९३ टक्के फरक जर मुलामुलांमध्ये आहे तर पंचवीसच्या खाली कोण आहे ते पाहू. चार मुले निघाली : पहिल्या गटातील २२, दुसऱ्यातील २४, तिसऱ्यातील १९ आणि २२. तिन्ही गट त्यात होते. त्या चौघांसाठी संध्याकाळच्या वंदनेनंतर ग्रंथालयात पाऊण तास अपूर्णांक व बीजगणिताची उजळणी सुरू झाली, आणि फडावरून उशिरा परतलेल्या दोघांची परीक्षा नव्याने घेतली गेली. त्यांच्या रिकाम्या रकान्यांत आकडे आले तेव्हा तक्ता पुन्हा काढला. एफ तेव्हाही एकच्या खालीच राहिला.

तेव्हापासून कार्यालयाच्या गुणयादीत गैरहजर मुलाचा रकाना मोकळा ठेवला जातो आणि समोर शेरा लिहिण्यासाठी वेगळा रकाना आहे. जुन्या याद्यांत अजून पुष्कळ शून्ये आहेत. ती हजेरीपटाशी ताडून दुरुस्त करण्याचे काम सुट्ट्यांत चालते. ज्या माजी विद्यार्थ्यांना एक्सेलची सवय आहे व एखादा रविवार मोकळा आहे, त्यांनी ग्रंथालयात यावे. संगणक दोन आहेत, याद्या मात्र कपाटभर.